संशोधन केंद्राचं माप कशानं घ्यायचं? : गोखले संस्थेपासून सगरोळीपर्यंत



बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी ‘आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रांच्या परिणामांचं मूल्यमापन’ असा लांबलचक विषय जाहीर केला तर माणसं येतील का, अशी शंका संयोजकांनी बोलून दाखवली होती. शंका रास्त होती. पण आपण या विषयाला परके नाही. इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या शेतात एके काळी नांदेड-४४ कापूस उभा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा हादरा आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आणि सगरोळीचं कृषी विज्ञान केंद्र तर आपल्याच तालुक्यात आहे. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. वेगवेगळ्या शास्त्रांची माणसं एका प्रश्नाभोवती जमली, त्यावर लोकांचा पैसा खर्च झाला, आणि पुढे कधीतरी कुणीतरी विचारलं : याचा उपयोग काय झाला?

हा ‘उपयोग काय झाला’ प्रश्न आपल्याकडे कसकसा विचारला गेला, त्याचा थोडा इतिहास आज आपण पाहू. आम्ही शास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आकडा दिसला की तो कशाचा आहे आणि तो नसता तर काय झालं असतं, हे विचारायची आम्हाला खोड लागली आहे. तिचा त्रास आमच्या सहकाऱ्यांना बराच झाला, आज थोडा तुम्हाला होईल.

आधी ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाविषयी. एका इमारतीत तळमजल्यावर रसायनवाले, वर प्राणिशास्त्रवाले बसले म्हणजे ते केंद्र आंतरविद्याशाखीय होत नाही. त्याला फार तर बहुविद्याशाखीय म्हणा. खरं आंतरविद्याशाखीय काम कसं असतं ते पाहायचं तर इनामगावला जावं. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागानं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. तिथे जळलेलं धान्य सापडलं, ते वनस्पतिशास्त्रज्ञानं ओळखायचं. हाडं सापडली, जनावरांची प्राणिशास्त्रज्ञानं पाहायची, माणसांची मानवशास्त्रज्ञानं. आणि इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या आसपास या शेतकऱ्यांचं जीवन का खालावलं, पाऊसमान बदललं का, हा प्रश्न यातल्या कुणा एकाचा नव्हता. तो सगळ्यांनी मिळूनच सोडवता येत होता. प्रश्न एक, शास्त्रं अनेक, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यावाचून अपुरं, ही खूण आपण धरून चालू.

आता मूल्यमापन. आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. एक गोष्ट दुसरीशी खरोखर बांधलेली आहे असं म्हणायचं तर दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. युरोपात जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या, त्यातल्या पहिल्या दोन याच वळणाच्या आहेत. नुसत्या अन्वयावर विसंबणाऱ्याचं काय होतं, ते आपल्या आज्यांना मिल न वाचता ठाऊक होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि माणूस म्हणतो, कावळ्यानं फांदी मोडली. संशोधन केंद्रांचे बहुतेक वार्षिक अहवाल हे कावळ्यानं लिहिलेले असतात. केंद्र सुरू झालं, उत्पादन वाढलं, म्हणून केंद्रामुळे वाढलं. मधे चांगला पाऊस झाला, रस्ता झाला, वीज आली, भाव वाढला, ते सगळं केंद्राच्या खात्यावर जमा.

व्यतिरेक तपासायची सवय आपल्याकडे ज्यांनी लावली त्यांत धनंजयराव गाडगीळांचं नाव आधी घ्यावं लागतं. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचं पूर्ण नाव पाहा, त्यात राज्यशास्त्रही आहे आणि अर्थशास्त्रही. गाडगीळ तिचे पहिले संचालक, आणि १९६६ पर्यंत तेच संचालक. आता कुणी म्हणेल, ही तर समाजशास्त्रांची संस्था, विज्ञानाशी हिचा काय संबंध? संबंध असा की विज्ञानानं आणि अभियांत्रिकीनं जे केलं त्याचं माप कसं घ्यायचं, हे या संस्थेनं दाखवून दिलं. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी गाडगीळांनी केली, ती १९४८ मध्ये पुस्तकरूपानं आली.

गोदावरी म्हणजे आपलीच नदी. नाशिक-नगरकडे तिला कालवे काढले, आपल्याकडे ती वाहत आली ती उरलेली. ते असो. सरकारच्या दृष्टीनं तोवर कालव्याचं मूल्यमापन सोपं होतं : पाणीपट्टी किती वसूल झाली आणि बांधकामाचं व्याज सुटलं का. गाडगीळ म्हणाले, हा जमाखर्च सरकारचा झाला, लोकांचा नाही. कालव्याखालचं शेत आणि कालव्याबाहेरचं कोरडवाहू शेत शेजारी ठेवा. उसामुळे मजुराला किती दिवस काम मिळालं, बाजारपेठेत किती उलाढाल वाढली, गूळ आणि साखरेच्या मागे कोण कोण जगलं, तेही मोजा. ही आडवळणाची कमाई सरकारी वहीत नव्हती, कारण तिथे तिच्यासाठी रकानाच नव्हता.

‘रकानाच नव्हता’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

आता भूकंपाकडे येऊ. इथे आपण थोडं जास्त थांबणार आहोत, कारण एकाच राज्यात, सव्वीस वर्षांच्या अंतरानं, दोन भूकंप झाले आणि दोन्हींतून ज्ञान मात्र फार वेगळ्या प्रकारे हाती आलं.

कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं, आणि त्या भागात लहान लहान हादरे जाणवू लागले. तेव्हा तिथे भूकंपमापक यंत्रं बसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, यावर जगभर वाद झाला. आज जगातल्या शास्त्रज्ञांमध्ये कोयना हे जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांचं ठळक उदाहरण मानलं जातं. कशामुळे मानलं जातं? हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र अशा संस्थांच्या माणसांनी वर्षानुवर्षं एका हातात जलाशयाच्या पातळीची नोंद आणि दुसऱ्या हातात हादऱ्यांची नोंद ठेवली. पाणी चढलं तेव्हा काय, उतरलं तेव्हा काय, हे दशकानुदशकं पाहिलं. अन्वयही, व्यतिरेकही. पुढे कराडला केंद्र सरकारची खास भूवेध प्रयोगशाळा निघाली, आणि २०१७ मध्ये तिथल्या खडकात ३ किलोमीटर खोल चाचणी-वेध पूर्ण झाला. साठीच्या दशकात बसवलेल्या त्या पहिल्या यंत्रांचं मूल्यमापन कुणी १९६५ साली केलं असतं तर काय लिहिलं असतं? ‘खर्च झाला, निष्पत्ती नाही.’

आता किल्लारी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. लातूर आणि धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसार जवळपास ८ हजार माणसं गेली. लोकांच्या बोलण्यातला आकडा याहून बराच मोठा आहे. ५२ गावं संपूर्ण हलवावी लागली. आणि हा भाग त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता! दख्खनचं पठार स्थिर, इथे काही होत नाही, असं आपण शाळेत शिकलो आणि शिकवलंही.

पण किल्लारीच्या लोकांना १९९२ सालीच हादरे जाणवले होते. भांडी वाजली, भिंतींना तडे गेले. लोकांनी सांगितलं, अधिकारी येऊन गेले. मात्र तिथे जवळपास कायमचं असं यंत्रांचं जाळं नव्हतं. म्हणून भूकंपानंतर जेव्हा काही शास्त्रज्ञांनी विचारलं की माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाचा याच्याशी काही संबंध असेल का, तेव्हा कोयनेसारखं ठाम उत्तर देता आलं नाही. आधीची नोंदच नव्हती. नोंद नसली की व्यतिरेक नाही, आणि व्यतिरेक नसला की उरतात ती मतं.

भूकंपानंतर मात्र काम झालं, आणि ते खऱ्या अर्थानं आंतरविद्याशाखीय झालं. किल्लारीला ६१७ मीटर खोल वेध घेतला गेला. आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो त्या बेसॉल्टची जाडी तिथे सुमारे ३३८ मीटर निघाली आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइट-नाइस खडक लागला. हा भूशास्त्राचा भाग. पण एवढी माणसं का गेली, याचं उत्तर भूशास्त्रात नव्हतं. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात जगात इतरत्र इतकी हानी होतेच असं नाही. उत्तर आपल्या घरांत होतं. मातीत बसवलेले गोल दगड, दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर दरवर्षी मातीचा थर चढवून जड झालेलं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, आपल्या हवेला अगदी शोभणारं घर, आणि त्या पहाटे तेच अंगावर आलं. त्यातही जिथे माळवद लाकडी खांब-तुळयांच्या खणावर उभं होतं तिथे काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छत तरलं, हे अभियंत्यांनी टिपून ठेवलं. भूशास्त्रज्ञ, स्थापत्य अभियंता, गवंडी, आणि लोक माळवदावर पांढरी माती का टाकतात हे जाणणारा समाजशास्त्रज्ञ, या चौघांनी एकत्र बसल्याशिवाय ही गोष्ट कळणारी नव्हती.

याचा परिणाम काय झाला? २००२ साली भारतीय मानक ब्युरोनं भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला. पहिलं क्षेत्रच रद्द केलं, सगळ्यात कमी धोक्याचं क्षेत्र आता दुसरं. लातूरचा भूकंपग्रस्त भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. म्हणजे आज लातुरात नियमाप्रमाणे इमारत बांधायची तर लोखंड वेगळ्या हिशेबानं घालावं लागतं. हा परिणाम कुणाचा? कुठल्या एका संस्थेचा म्हणता येईल का? कुणाच्या वार्षिक अहवालात तो ‘निष्पत्ती’ म्हणून नोंदवायचा? आणि ज्या घरात उद्या माणूस वाचेल, त्या न झालेल्या मृत्यूची नोंद कुठे करायची? जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात घरं किती बांधली हा आकडा अहवालात बसतो. पण त्या नव्या गावांत फिरून आलात तर दिसेल की सरकारी घराला लागून लोकांनी आपापल्या पद्धतीनं खोल्या वाढवल्या आहेत. काही ठिकाणी दगड-मातीचीच भिंत पुन्हा उभी राहिली. संशोधन लोकांच्या हातात, म्हणजे गवंड्याच्या हातात, किती उतरलं हे मोजायचं तर त्या वाढीव खोल्या मोजायला हव्यात.

आता गडचिरोली. इथे आपल्या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर सापडतं, आणि सर्वांत अवघड प्रश्नही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. नवजात बाळं घरीच जन्मतात आणि घरीच दगावतात, दवाखाना लांब, तर घरीच उपचार करता येतील का, हा त्यांचा प्रश्न. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवायचं. बाळाचं वजन, ऊब, श्वास, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, वेळ पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, सगळं. वैद्यकाच्या दृष्टीनं हे धाडस होतं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की त्यांनी ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावांत केलं नाही. त्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा होत्या तशाच चालू होत्या. जन्म-मृत्यूची नोंद मात्र दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे ठेवली. काम सुरू करण्याआधी दोन वर्षं नुसती नोंदच केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. कामाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती, ते प्रमाण तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आलं. दुसऱ्या गावांत ते साठीच्या आसपासच राहिलं. पाऊस, रस्ते, भाव, जे काही बदललं असेल ते दोन्हीकडे बदललं असणार. उरलेला फरक आरोग्यदूतांचा. पुढे महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी ‘अंकुर’ नावानं तो प्रयोग झाला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बालसेवा हा देशाचा कार्यक्रम झाला.

आम्ही वर्गात हे उदाहरण सांगत असू तेव्हा मुलं नेमका प्रश्न विचारत : सर, त्या ४७ गावांतल्या बाळांचं काय? हा प्रश्न टाळू नये. ज्ञानासाठी कुणाला थांबायला लावणं न्याय्य आहे का? आमचं उत्तर असं की जोवर उपचार खरोखर उपयोगी आहे हे ठाऊक नाही, तोवर ‘नाकारलं’ म्हणता येत नाही. घरी इंजेक्शन देऊन बाळ उलट दगावू शकलं असतं, ही शक्यता तेव्हा खुली होती. ठाऊक झाल्यावर मात्र एक दिवसही थांबता येत नाही. हे उत्तर तर्कानं बरोबर आहे असं आम्हाला अजून वाटतं. पण दुसऱ्या यादीतल्या गावची आई समोर बसली असती तर तिला ते सांगायचं धैर्य झालं असतं का, हे सांगता येत नाही. म्हणूनच व्यतिरेक तपासणं हे नुसतं संख्याशास्त्राचं काम नव्हे.

गडचिरोलीची पद्धत सगळीकडे चालणार नाही, हेही खरं. भूकंपाला नियंत्रित गावं कुठून आणणार? विद्यापीठाला कुठून आणणार?

विद्यापीठाचा विषय निघालाच आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. या विद्यापीठात जुन्या चालीचे सुटे विभाग न ठेवता संकुलं केली : भूशास्त्र संकुल, जीवशास्त्र संकुल, सामाजिक शास्त्रे संकुल, भाषा-वाङ्मय संकुल वगैरे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची ती वाट. किल्लारीला वर्ष व्हायच्या आत, त्याच प्रदेशात, शास्त्रांमधल्या भिंती पाडायचा विचार घेऊन विद्यापीठ उभं राहतं, ही आम्हाला फार मोलाची गोष्ट वाटते. आणि योगायोग पाहा, त्याच १९९४ साली बंगळुरूला नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, निघाली. एकीकडे भिंती पाडणारं विद्यापीठ, दुसरीकडे रकाने आखणारी परिषद.

रकान्यांना आमचा विरोध नाही. त्याआधी महाविद्यालयांचं मूल्यमापन कसं व्हायचं ते आम्ही पाहिलेलं आहे : पाहुणचार कसा झाला त्यावर. नॅकनं निदान कागद मागितले. पुढे २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या कामाला गुण लावले. शोधनिबंधाला इतके, परिसंवादाला इतके. २०१५ मध्ये राष्ट्रीय क्रमवारी आली. देशभर काय झालं, ते तुम्ही जाणता. पैसे घेऊन निबंध छापणारी मासिकं गल्लोगल्ली निघाली. आणि जो आंतरविद्याशाखीय काम करतो त्याची पंचाईत वेगळीच. भूशास्त्राच्या माणसानं घरबांधणीवर लिहिलं, तर हे तुमच्या विषयात येत नाही. चौघांनी मिळून लिहिलं, तर गुण चौघांत वाटा.

इथे आम्हाला आमची एक चूक सांगायची आहे. फार वर्षांपूर्वी एका विद्यापीठातल्या अशाच एका केंद्राच्या मूल्यमापन समितीवर आम्ही होतो. नाव सांगण्यात अर्थ नाही. पाणी आणि शेती यांवर काम करणारं लहानसं केंद्र. दोन दिवसांची भेट. निबंध मोजले, पेटंट विचारलं, बाहेरून निधी किती आणला ते पाहिलं. सगळंच कमी होतं. निघताना तिथला प्रयोगशाळा परिचर एक वही घेऊन आला. आसपासच्या गावांतल्या विहिरींची पाणीपातळी त्यानं अकरा वर्षं दर महिन्याला दोरी सोडून मोजली होती. वही नीट, तारखेवार. आम्ही चाळली, ‘छान आहे’ म्हणालो आणि परत दिली. आमच्या तक्त्यात त्या वहीसाठी रकाना नव्हता. गाडगीळ वर्गात शिकवणारे आम्ही, आणि रकाना नाही म्हणून गप्प बसलो. केंद्राला निधी पुढे चालू ठेवू नये, या शिफारशीखाली आमची सही आहे. केंद्र बंद झालं. त्यानंतर तीन वर्षांनी त्या भागात मोठा दुष्काळ पडला आणि भूजलाची जुनी आकडेवारी कुणाकडे आहे का, अशी विचारणा सुरू झाली. वहीचा पत्ता लागला नाही.

म्हणून आता काळाचा मुद्दा. मूल्यमापन कधी केलं, यावर निकाल बदलतो. आपला नांदेड-४४ घ्या. नांदेडचं कापूस संशोधन केंद्र निजामी अमदानीपासूनचं, पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आलं. तिथे एन. एच. एच. ४४ हा संकरित वाण तयार झाला आणि १९८० च्या दशकात शेतकऱ्यांच्या हाती आला. कोरडवाहूत तग धरणारा, रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारा. वाण काढणं हे नुसतं पैदासकाराचं काम नसतं. कीटकशास्त्रज्ञ लागतो, मृदाशास्त्रज्ञ लागतो, धाग्याची लांबी-ताकद तपासणारा लागतो. मराठवाडा-विदर्भात या वाणानं घर केलं. १९९५ साली त्या केंद्राचं मूल्यमापन झालं असतं तर शंभरपैकी शंभर. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. खासगी कंपन्यांची पाकिटं आली, नांदेड-४४ मध्ये ते जनुक नव्हतं, काही वर्षांत तो शेतातून जवळजवळ गेला. २०१० मध्ये मूल्यमापन केलं असतं तर शून्य. अलीकडे महाबीजच्या साहाय्यानं त्याचं बीटी रूप आणलं गेलं. मग खरं माप कुठलं?

झ्वी ग्रिलिकस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९५८ साली संकरित मक्याच्या संशोधनाचा हिशेब मांडला होता. संशोधनावर झालेल्या खर्चाचा समाजाला मिळालेला परतावा वर्षाला निदान ७०० टक्के! हा आकडा जगभर गाजला, आजही कृषी संशोधनाला पैसा मागताना पुढे केला जातो. पण हा हिशेब यशस्वी ठरलेल्या संशोधनाचा आहे, फसलेल्यांचा खर्च त्यात नाही, ही मर्यादा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात होती. आपल्या भाषेत सांगायचं तर पाणी लागलेल्या एका बोअरचा हिशेब करायचा आणि गावातल्या नऊ कोरड्या बोअरी विसरायच्या, असं ते होतं. ज्यानं बोअर मारले त्याला विचारा, कोरड्या बोअरीचेही पैसे द्यावेच लागतात. संशोधनातही कोरड्या बोअरी असतातच, आणि त्या मारल्याशिवाय पाण्याची जागा कळत नाही. ‘तुमच्या किती प्रयोगांना यश आलं’ असं विचारणारी समिती केंद्राला खात्रीच्या जागीच बोअर मारायला शिकवते. तिथे पाणी लागतं, पण ते आधीच ठाऊक असतं.

आता अगदी घरचं उदाहरण, सगरोळी. संस्कृती संवर्धन मंडळ १९५९ सालचं, आणि त्याच्याकडे नांदेड जिल्ह्यातलं दुसरं कृषी विज्ञान केंद्र. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं, आज अशी सातशेच्या वर आहेत. कृषी विज्ञान केंद्राची रचनाच आंतरविद्याशाखीय असते. एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञ : पिकांचा, फळबागेचा, पीक संरक्षणाचा, पशुविज्ञानाचा, गृहविज्ञानाचा, असे. आणि तिथे एक फार चांगली पद्धत आहे, जिच्याकडे आपण लक्ष देत नाही. आद्यरेखा प्रात्यक्षिकात शेतकऱ्याच्याच रानात एका तुकड्यात नवी पद्धत आणि शेजारच्या तुकड्यात त्याची नेहमीची पद्धत, असं दोन्ही घेतात. पाऊस एकच, जमीन एकच, राबणारे हात एकच. म्हणजे व्यतिरेक बांधाच्या पलीकडे उभा असतो! गाडगीळांनी कालव्याकाठी जे केलं, गडचिरोलीत ४७ गावांत जे केलं, ते इथे दोन गुंठ्यांत होतं.

मग अडचण कुठे आहे? देशभरात या केंद्रांकडून जे मागितलं जातं ते मुख्यतः त्या हंगामाचं : प्रात्यक्षिकं किती, प्रशिक्षणाला किती आले, उत्पादन किती टक्के वाढलं. प्रात्यक्षिकात बियाणं केंद्राचं, सल्ला केंद्राचा, भेटी केंद्राच्या. चौथ्या वर्षी, केंद्राचं काही नसताना, तो शेतकरी ती पद्धत स्वतःच्या पैशानं करतो का? बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं उचलली का? सोडली असेल तर का सोडली, मजूर मिळेना, भाव पडला, की सोयाबीन सोपं वाटलं? हे विचारायला चौथ्या वर्षी जावं लागतं, आणि चौथ्या वर्षीच्या भेटीला कुठल्याही आराखड्यात सहसा तरतूद नसते. सोडून देणाऱ्या शेतकऱ्याला विचारलं तर सर्वांत जास्त कळेल, पण त्याला कुणी मेळाव्यात सत्कारालाही बोलावत नाही.

व्याख्यानाआधी इथल्याच एका तरुणानं आम्हाला विचारलं होतं, ‘सर, एवढं सगळं तुम्ही सांगता, पण आम्ही शास्त्रज्ञही नाही आणि समितीवरही नाही. आमचा यात काय संबंध?’ त्याला उत्तर देऊन थांबतो. तुमच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या मुलांनी पन्नास विहिरी निवडाव्यात. निम्म्या जलसंधारणाचं काम झालेल्या गावांतल्या, निम्म्या न झालेल्या. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसऱ्याच्या सुमाराला, पातळी मोजावी. दोरी, तिला बांधलेला दगड, टेप आणि वही, एवढाच खर्च. पहिली तीन-चार वर्षं त्यातून काही निघणार नाही आणि लोक हसतील. वही मात्र मुलांच्या घरी ठेवू नका, ग्रंथालयात दाखल नोंद करून ठेवा, म्हणजे मुलं शिकून पुण्या-हैदराबादला गेली तरी ती बिलोलीत राहील. आणि पहिली नोंद या मे महिन्यात व्हायला हवी, पाऊस पडायच्या आत.